कमला सोहोनींचे संशोधनही वाचायला हवे

महोदय,

जैवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी यांचा विषय निघाला की १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून नाकारलेला प्रवेश, एवढेच सांगितले जाते. प्रसंग मोठाच, पण त्यांचे रसायनशास्त्र मागे पडते, याचे वाईट वाटते. केंब्रिजमध्ये साध्या बटाट्यावर काम करताना, पेशींच्या श्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेणारे ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन वनस्पतींतही असते, हे त्यांनी दाखवले. १९३९ मध्ये तेथील शास्त्रज्ञ रॉबिन हिल यांच्यासह त्यांचे टिपण ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आले. त्यावर नाव माहेरचे आहे, कमला भागवत. त्यामुळे शोधणाऱ्याची चुकामूक होते. पीएच.डी.चा प्रबंध तर जेमतेम ४० पानांचा! पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्ये आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांवर काम केले. कुपोषित मुलांसाठी नीरा किती उपयोगी, हा त्यांचा ध्यास होता.

आपल्या विद्यापीठांनी त्यांचे सर्व शोधनिबंध दोन्ही नावांखाली एकत्र करून, सोप्या मराठी टिपांसह विद्यार्थ्यांना उपलब्ध करून द्यावेत, ही विनंती. सुरुवात त्या बटाट्यापासून करावी.

– रसायनशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका, सातारा