सई, यंदाचे माझे खेळ

वडोदरा,
28 डिसेंबर 2025

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

यंदा मला आवडलेल्या व्हिडिओ गेमची यादी तू मागितलीस. त्याच मेसेजच्या शेवटी लिहिलंस की तुझा गेम बनवायचा प्रोजेक्ट रखडलाय, वर्गातल्या बाकीच्यांचे खेळ चालायला लागले आणि तुझ्याकडे अजून एकच खोली तयार आहे. दोन्हींचं उत्तर एकाच पत्रात देते. यंदा मला जे खेळ आवडले ते का आवडले, याचा विचार करताना तुझी ती एक खोली सारखी आठवत होती.

माझा पहिला नंबर ‘ब्लू प्रिन्स’चा. ‘एक्स्पिडिशन थर्टी थ्री’चा का नाही, असं तू विचारशीलच, त्याच्याकडे येते.

‘ब्लू प्रिन्स’ एप्रिलमध्ये आला. सायमन नावाच्या मुलाला त्याचे चुलत आजोबा माउंट हॉली नावाची हवेली ठेवून जातात. अट एकच. घरात 45 खोल्या आहेत, त्यातून 46वी शोधून काढायची. दारापाशी गेलं की तीन खोल्यांचे नकाशे समोर येतात. एक निवडायचा, मग दारापलीकडे तीच खोली उभी राहते. चौकटी रुंदीला पाच आणि लांबीला नऊ. दिवसाला 50 पावलं मिळतात, ती संपली की दिवस संपला, आणि दुसऱ्या दिवशी घर पुन्हा कोरं. तुझ्याजवळ उरतं ते फक्त तुला काय कळलं तेवढंच. (काही गोष्टी कायमच्याही मिळतात, पण त्या सांगून मी तुझी मजा घालवणार नाही.)

मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत मी इतकी वर्षं ट्रान्सफॉर्मरची ड्रॉइंगं काढते आहे, त्यामुळे हा खेळ मला सुरुवातीपासूनच आपला वाटला. एक दार चुकीच्या बाजूला घेतलं की पुढचा अख्खा कोपरा बंद होतो, हे मी रोज बघते. फरक इतकाच की इथं चूक झाली तर कारखान्यात पत्रा कापला जात नाही. या खेळानं मला वही काढायला लावली. चित्रं, तारखा, पत्रांतली सहीची अक्षरं, कुठल्या खोलीच्या भिंतीवर काय टांगलंय, सगळं टिपून ठेवलंय. खेळ स्वतः काहीही टिपून देत नाही, बाण दाखवत नाही, ‘आता इकडे जा’ म्हणत नाही. समोरचा माणूस बघेल, लक्षात ठेवेल आणि जोडेल, असा त्याचा आपल्यावर विश्वास आहे. असा विश्वास टाकणारे खेळ फार थोडे असतात.

आणि तुझे बाबा! आयुष्यात कधी कंट्रोलर हातात न धरणारा माणूस पार्लर नावाच्या खोलीसाठी माझ्या शेजारी येऊन बसायला लागला. तिथं निळी, पांढरी आणि काळी अशा तीन पेट्या असतात. निदान एकीवर फक्त खरं लिहिलेलं असतं, निदान एकीवर फक्त खोटं, आणि बक्षीस एकीतच. मी घर बांधायचं आणि पार्लर आलं की त्यांना हाक मारायची, असं आमचं ठरून गेलं. चहा गार व्हायचा, पण पेटी बरोबर उघडायची.

दोष आहेच. पुष्कळ काही नशिबावर सोडलंय. हवी ती खोली संध्याकाळभर येत नाही, हाताशी उत्तर असूनही ते वापरता येत नाही, आणि तेव्हा खरंच राग येतो. पण हा खेळ टोंडा रॉस नावाच्या माणसाचा पहिलाच खेळ आहे आणि त्यानं त्यावर सुमारे आठ वर्षं घालवली, हे कळल्यावर मला त्या खोल्या वेगळ्या दिसायला लागल्या. आठ वर्षांत तो हजार खोल्यांची हवेली बांधू शकला असता. त्यानं 45 चौकटींचीच ठेवली आणि वेळ खर्च केला तो एका खोलीतल्या चित्राचा दुसऱ्या खोलीतल्या पत्राशी संबंध लावण्यात.

आता ‘सिल्कसाँग’. याची वाट तू माझ्याहून जास्त पाहिलीस. 2019च्या फेब्रुवारीत जाहीर झाला तेव्हा तू शाळेत होतीस, आणि त्याच्या आधीच्या ‘हॉलो नाइट’च्या नकाशाची तू कंपासनं काढलेली प्रत अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. 4 सप्टेंबरला आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला तो निघाला, म्हणजे ऐन आरतीच्या वेळी. जगभरच्या ऑनलाइन दुकानांवर एकदम इतकी गर्दी झाली की ती कोलमडलीच. मी आरती, मंत्रपुष्पांजली, प्रसाद सगळं नीट करून, खालच्या मजल्यावरच्या आजींना खिरापत देऊन आले, तोवर दुकान उघडलं होतं.

अ‍ॅडलेडची टीम चेरी, म्हणजे हा खेळ करणारी मंडळी, मोजकीच माणसं. एरी गिब्सन आणि विल्यम पेलन हे दोघं मूळचे, सोबत एक प्रोग्रॅमर, आणि संगीत क्रिस्टोफर लार्किनचं. एवढा उशीर का झाला, याचं त्यांनी दिलेलं उत्तर मला फार आवडलं. काही अडलं नव्हतं, आम्हाला करायला मजा येत होती म्हणून करत राहिलो, असं त्यांनी सांगितलं. एवढी वाट बघायला लावूनही किंमत ठेवली 20 डॉलर.

खेळ अवघड आहे. पुष्कळ लोकांनी कुरकुर केली, आणि सुरुवातीचे काही शत्रू टीम चेरीनं पुढे थोडे सौम्यही केले. मला विचारशील तर सुरुवातीलाच जरा जास्त मारतात हे खरं. एक धक्का लागला की कितीदा दोन मुखवटे जातात (इथं जीव मुखवट्यांत मोजतात), आणि हरलं की लांबून चालत यावं लागतं. वरच्या नगरीच्या दाराशी उभा असलेला लास्ट जज नावाचा शत्रू मला फार दिवस पुरला. पण हॉर्नेटची, म्हणजे आपल्या नायिकेची, चाल एकदा हाताला बसली की तिच्यासारखं धावणं, लटकणं, उडी मारता मारता रेशमानं जखम बांधणं यातला आनंद ‘हॉलो नाइट’मध्येही नव्हता. तुला तिचा तिरका खालचा वार जमत नाही म्हणालीस ना? मलाही जमत नव्हता. साधी किल्ली मिळाली की ती खर्च करून वाँडरर क्रेस्ट घे. त्यानं वार सरळ खाली बसतो, अगदी जुन्यासारखा. मी शेवटपर्यंत तोच वापरला.

पण मला या खेळातलं सगळ्यात प्रिय काय आहे ते वेगळंच. फारलूम राज्यात सगळे किडे वर, नगरीकडे चाललेले असतात. थकलेले, वाटेत पडलेले, कुणी वाट विसरलेले, तरी तोंड वरच. आषाढी वारीत आपण आळंदीहून पुण्यापर्यंत चालत गेलो होतो तशीच ही वारी. त्यात शर्मा नावाचा एक छोटा किडा आहे. आपल्या गाण्यानं दार उघडेल म्हणून तो बंद दारासमोर वाजवत, गात उभा असतो. पलीकडून खटका ओढते हॉर्नेट. दार उघडतं, आणि तो समजतो की गाण्यानंच उघडलं. हॉर्नेट त्याला खरं सांगून त्याचा आनंद घालवत नाही. पुढं तो कुठं कुठं भेटतो ते तू स्वतः बघ. एवढ्याशा पात्राला इतकं मोठं करायला सवड लागते, आणि ती सवड त्यांनी स्वतःला दिली.

‘एक्स्पिडिशन थर्टी थ्री’ला डिसेंबरात द गेम अवॉर्ड्सचा वर्षातला सर्वोत्तम खेळ हा मान मिळाला. योग्यच झालं. सुरुवात तू माझ्यासोबत व्हिडिओ कॉलवर पाहिलीसच. दर वर्षी ती चित्रकार बाई दूरच्या खांबावर एक आकडा लिहिते आणि त्या वयाची सगळी माणसं फुलांच्या पाकळ्या होऊन उडून जातात. आकडा दर वर्षी एकानं कमी होतो. जाणाऱ्यांच्या गळ्यात फुलांच्या माळा, बंदरावर सगळं गाव गोळा झालेलं, कुणी रडतंय, कुणी नेहमीसारखं गप्पा मारतंय. त्या शहरात माझ्या वयाचं कुणीच नाही, हे ध्यानात आल्यावर मी कंट्रोलर खाली ठेवला होता.

लढाई पाळीपाळीनं होते, पण शत्रूचा वार येतो तेव्हा नेमक्या क्षणी बटण दाबून तो उलटवायचा. मला ते डोळ्यांनी जमलं नाही, कानांनी जमलं. प्रत्येक शत्रूचा आपला ताल आहे. तो ऐकला, मनात मोजला की हात आपोआप समेवर पडतो. लहानपणी दांडिया बाजारात तबल्याच्या क्लासला गेले ते असं कामाला येईल हे गुरुजींना काय माहीत!

हा खेळ फ्रान्समधल्या मोंपेलिएच्या सँडफॉल नावाच्या स्टुडिओनं केला. मुख्य मंडळी तीसच्या आसपास. बाहेरच्या पुष्कळांची मदत होती, तेव्हा ‘तीस जणांनी सगळं केलं’ असं कुणी म्हणालं तर पूर्ण खरं धरू नकोस. पण माणसं कशी जमवली ते बघ. दिग्दर्शक गियोम ब्रोश युबिसॉफ्ट या मोठ्या गेम कंपनीतली नोकरी सोडून निघाला. लोरियां तेस्तारनं आपलं संगीत इंटरनेटवर टाकलं होतं, ते ऐकून त्याला घेतलं. त्यानं आधी एकाही खेळाला संगीत दिलं नव्हतं, आणि आता या एका खेळाच्या अल्बममध्ये 154 तुकडे आहेत. जेनिफर स्वेडबर्ग-येन आवाजाची चाचणी द्यायला आली होती, ती मुख्य लेखिका झाली. ‘मला अनुभव नाही’ हे तुझं वाक्य मला इथं आठवलं. आणि त्यांनी काय काय गाळलं तेही बघ. रानावनात हिंडताना कोपऱ्यात छोटा नकाशा नाही. खेळ ज्यावर चालतो ते इंजिन स्वतः बांधत बसले नाहीत, सगळ्यांना मिळतं ते अनरिअल घेतलं. जपली ती चित्रं, संगीत आणि माणसांचं बोलणं.

मग माझ्या यादीत तो पहिला का नाही? तिसऱ्या भागापर्यंत आपलं बळ इतकं वाढतं की शेवटच्या लढाया मला फुसक्या वाटल्या. आणि शेवटी खेळ जी निवड करायला लावतो, तीत एका बाजूला त्यानं जरा जास्तच सावली टाकलीय असं माझं मत आहे. तू खेळलीस की आपण यावर नीट भांडू.

‘स्प्लिट फिक्शन’बद्दल तुला काय सांगू, दोघांनी मिळूनच खेळायचा हा खेळ, आणि तू त्यातला अर्धा भाग आहेस! मार्चपासून मी इथं, तू पुण्यात. एकानं विकत घेतला की दुसऱ्याला फ्रेंड्स पासवर फुकट खेळता येतं ही सोय ज्यानं कुणी ठरवली त्याचं भलं होवो. खलनायक पुठ्ठ्याचा आहे, संवादही बरेच ठिकाणी सपक आहेत. पण दर अर्ध्या तासाला नवं काहीतरी हातात देऊन, ते जुनं व्हायच्या आत काढून घ्यायचं, हे त्यांना जमतं. आपण दोघी डुकरं झालो आणि पुढं त्यांचंच सॉसेज होऊन तव्यावर उड्या मारत होतो, तेव्हा तुझं हसणं ऐकून बाबा आतल्या खोलीतून उठून आले होते. दिग्दर्शक योसेफ फारेसनं दोन्ही नायिकांना मिओ आणि झोई ही आपल्या मुलींचीच नावं दिलीत. हे मला खेळ संपल्यावर कळलं आणि मी तो शेवट पुन्हा एकदा लावून पाहिला.

‘हेडीस टू’ उत्तम आहे, पण मला पहिल्याचाच ओढा जास्त. ‘किंगडम कम’चा दुसरा भाग अर्ध्यावर आहे, 1403 सालच्या बोहेमियात मी अजून चिखल तुडवते आहे, लोहाराकडे तलवार घडवते आहे आणि मजेत आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागली, ती सांगते. दिवाळीत मामाकडे फराळाला बसलो असताना कुणीतरी म्हणालं, ‘आता सरकारनं गेमिंग बंद केलं, ताई, तुमचं काय होणार?’ मी तिथंच समजावून सांगितलं. ऑगस्टमध्ये कायदा झाला तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा आहे. ई-स्पोर्ट्सना तोच कायदा वेगळं मानतो, आणि आपण खेळतो त्या खेळांशी त्या बंदीचा संबंध नाही. बंदी आली याचं मला समाधान आहे. आपल्या ओळखीतल्या एका घरानं त्यात काय गमावलं ते तुला माहीत आहे. ती अ‍ॅप्स माणसाला उठू देत नव्हती. मी वर लिहिलेल्या प्रत्येक खेळाला शेवट आहे. कुणीतरी बसून ठरवलंय की इथं गोष्ट पुरी झाली.

तेव्हा तुझी खोली. तू पाठवलेल्या व्हिडिओत मी ती तीनदा पाहिली. खिडकीतून येणारा उजेड, शिवणयंत्र, भिंतीवरचं थांबलेलं घड्याळ, आणि पायडल मारलं की हळूहळू बदलणारी सावली. ती सावली फार सुंदर आहे, सई. तुझ्या वहीतल्या बाकीच्या सहा खोल्या मला नकोत. आमच्याकडे नवीन पोरं शीटवर दिसेल ते सगळं काढतात आणि मग कारखान्यातला कारागीर बुशिंगचं माप शोधत बसतो. तू ती सावली नीट कर. घड्याळ का थांबलंय ते खोलीतच कुठंतरी सापडू दे, अक्षरांत लिहून सांगू नकोस. सरांना एकच खोली दाखवायची भीती वाटत असेल तर मला फोन कर, आपण दोघी मिळून काय बोलायचं ते ठरवू.

उत्तरायणाला येतेसच. 13 तारखेच्या रात्रीपर्यंत पोच, म्हणजे 14ला सकाळी गच्चीवर जागा मिळेल. उंधियू आणि जिलबी बाबा आणणार आहेत, सेव-उसळ तुला हवी तिथलीच. लॅपटॉप मात्र नक्की आण. वासी उत्तरायणाच्या, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या, दुपारी, सगळे पतंगात असताना, मी तुझी खोली खेळणार आहे. तू मागे बसायचं आणि काही बोलायचं नाही. मी कुठं अडते, कशाला हात लावते, काय मला दिसतच नाही, ते सगळं वहीत लिहून घे. माझा खेळ पूर्ण झाल्यावर मग बोलू.

तुझी,
आई