संगणकाच्या शिक्षकालाही कोणीतरी जोडीदार हवा होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एआय आणि शाळा या विषयावर वर्तमानपत्रांत जे येते, त्यात बहुतेक वेळा ‘मुले गृहपाठ उतरवून आणतात’ हीच तक्रार असते. तक्रार खोटी नाही. पण शिकवणाऱ्याला या साधनाचा काय उपयोग होतो, यावर फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

मी माध्यमिक शाळेत संगणकशास्त्र शिकवते. मूळची गणिताची. ‘तुम्हाला गणित येतं, मग हेही जमेल’ असे म्हणून हा विषय माझ्याकडे सोपवला गेला. या विषयाचे कितीतरी शिक्षक असेच दुसऱ्या विषयातून आलेले असतात, आणि शाळेत बहुधा एकटेच असतात. गणितात काही अडले तर शिक्षकखोलीत विचारायला दोघे-तिघे होते. ‘फॉर’ लूप (एकच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारा प्रोग्रॅमचा भाग) मुलांच्या गळी का उतरत नाही, हे बोलायला मात्र शेजारी इतिहासाचे सर. ते सहानुभूतीने ऐकतात, आणि पुन्हा पेपर तपासायला लागतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले तेव्हा सगळे मुलांच्या निबंधांची काळजी करत होते. मला वाटले, चला, विषयावर बोलायला कोणीतरी मिळाले.

बरोबर प्रोग्रॅम मी त्याच्याकडे मागत नाही. तो पुस्तकात असतो. मी चुकीचे प्रोग्रॅम मागते. यादीतली सर्वांत मोठी संख्या शोधायची आहे, असे समजा. ‘नवशिकी मुले करतात तशा चुका असलेले सहा प्रोग्रॅम दे, पण प्रत्येक प्रोग्रॅम एररशिवाय चालला पाहिजे’ असे सांगितले की कामाचा माल मिळतो. एकात सुरुवातीची किंमत शून्य धरलेली असते. ५, ९, २ दिले की उत्तर ९ येते आणि वर्ग खूश होतो. मग मी -४, -७, -१ देते. उत्तर येते ०, म्हणजे यादीत नसलेलीच संख्या! इथे वर्गात जी शांतता पसरते, तीच माझ्या तासाची कमाई. दुसऱ्यात तुलनेचे चिन्ह उलटे असते, तिसऱ्यात लूप शेवटच्या संख्येपर्यंत पोचतच नाही, चौथ्यात उत्तर छापण्याची ओळ लूपच्या आत सरकलेली असते. असा संच हाताने करायला सुट्टीची दुपार जायची, आणि माझ्या डोक्यातून निघणाऱ्या चुकाही त्याच त्याच असायच्या.

प्रोग्रॅमच्या ओळी विस्कटून द्यायच्या आणि मुलांनी त्यांचा क्रम लावायचा, हा प्रकार डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडला. ज्यांचे टायपिंग कच्चे आहे, त्या मुलांना तो फार मानवतो. त्यात एक-दोन फसव्या ओळी मिसळल्या की हुशार मुलेही थबकतात. अशा ओळी तयार करण्यात एआय तरबेज आहे.

माझा वर्ग मात्र त्याला माहीत नसतो. नुकत्याच लूप शिकलेल्या मुलांसाठी उदाहरण मागावे, तर तो चकचकीत लिस्ट कॉम्प्रिहेन्शन, म्हणजे अख्खा लूप एकाच ओळीत बसवण्याची पुढची युक्ती, पुढे करतो. म्हणून काय शिकवून झाले आहे, ते मी सूचनेत आधीच लिहिते: व्हेरिएबल, इफ-एल्स, व्हाईल, फॉर, साधी लिस्ट, फंक्शन अजून नाही. तरीही मध्येच टोकावे लागते. ट्रेस टेबलच्या, म्हणजे प्रत्येक पायरीला कोणत्या व्हेरिएबलची किंमत काय होते ते रांगेरांगेने लिहिण्याच्या तक्त्याच्या, बाबतीत तर डोळे उघडे ठेवायला हवेत. लूपमध्ये लूप असेल आणि किमती सारख्या बदलत असतील, तर एखाद्या रांगेत त्याचा पाय घसरतो आणि खालच्या सगळ्या रांगा तो तितक्याच ठामपणे चुकीच्या भरतो. प्रोग्रॅम न चालवता, पुढे काय येण्याची शक्यता जास्त, एवढ्यावर तो लिहीत असतो. काही साधने आता प्रोग्रॅम खरोखर चालवूनही पाहतात, पण या वेळी चालवला की नुसता अंदाज केला, हे आपणच बघायचे. स्वतः चालवून पाहिले नाही ते मी छापायला देत नाही.

आता मला खरी खुपणारी गोष्ट. नवशिक्यांच्या चुकांचा अभ्यास करताना रॉय पी या संशोधकाने १९८६ मध्ये नोंदवले होते की, यंत्रात कुठेतरी एक मन दडले आहे आणि आपल्याला काय म्हणायचे आहे ते त्याला कळेल, असे मुले मनात धरून चालतात. हे मी रोज बघते. इनपुट म्हणून घेतलेल्या ५ आणि ५ यांची बेरीज पायथन (आम्ही शिकवतो ती प्रोग्रॅमची भाषा) ५५ दाखवतो, कारण त्याच्या लेखी तो मजकूर असतो. ‘पण मी नंबर टाकलाय, त्याला कळायला नको का?’ असे एखादी चिडून विचारतेच. त्याला काही कळत नाही, लिहिले तेवढेच तो करतो, हे पटवण्यात आमचे अर्धे वर्ष जाते. आणि आता त्याच पडद्यावर, शेजारच्या खिडकीत, अर्धवट आणि अशुद्ध लिहिलेलेही समजल्यासारखा बोलणारा प्रोग्रॅम आला आहे. मुलांनी कोणावर विश्वास ठेवायचा?

हा फरक शिक्षकानेच दाखवायला हवा. एआय वर्गात वापरण्यासाठी युनेस्कोने २०२३ मध्ये किमान १३ वर्षे हे वय सुचवले आहे. मी तर एआय स्वतःच प्रोजेक्टरवर चालवते. एकच प्रश्न दोनदा विचारला की बहुधा दोन वेगळे प्रोग्रॅम येतात. त्यातला एक निवडून दोनदा चालवला की दोन्ही वेळा उत्तर तेच. (रँडम, म्हणजे दर वेळी वाटेल ती संख्या उचलणारा प्रोग्रॅम निवडू नये, पंचाईत होते.) एवढे पाहिले की मुले स्वतःहून चांगले प्रश्न विचारतात.

मुलांच्या वह्या, नावे, गुण मी त्यात कधीच टाकत नाही. आणि एआयचे लेखन पकडणाऱ्या साधनांच्या नादी शाळांनी लागू नये. ओपनएआयने स्वतःचे तसे साधन जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केले. दहा ओळींचा प्रोग्रॅम तर निम्म्या वर्गाचा प्रामाणिकपणेही सारखाच निघतो. त्यापेक्षा मुलाशेजारी बसून ‘ही ओळ काढली तर काय होईल?’ एवढे विचारावे. ज्याने समजून लिहिले, तो सांगतो.

पण प्रत्येकाशेजारी बसायला वेळ लागतो. म्हणून मुख्याध्यापकांना विनंती, की एआयमुळे तयारीतला जो वेळ वाचेल तो या तोंडी तपासणीसाठी राहू द्यावा. ‘आता तुमचे काम हलके झाले’ म्हणून आमच्या ऑफ तासांना बदली तास लावू नयेत. आणि तपासून झालेले हे चुकीचे प्रोग्रॅम व त्यासाठीच्या सूचना एकत्र ठेवण्याची सोय शिक्षण विभागाने केली, तर दुसऱ्या शाळेतल्या एकट्या शिक्षकाला माझी पाने आयती मिळतील, आणि मला त्याची.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका