आई-बाबांना पत्र: दिवेआगरच्या बेताविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

परवा बाबांनी फोनवर जंजिरा, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, वेळास आणि जमल्यास गणपतीपुळे अशी यादी वाचून दाखवली, तेव्हाच मागून आईचे ‘मला नुसते समुद्रासमोर बसायचे आहे’ हेही ऐकू आले. या दोन मागण्यांचा मेळ फोनवर बसणे अवघड होते, म्हणून सगळा बेत कागदावर मांडून पाठवते आहे. तो मी तुम्हा दोघांच्या गुडघ्यांकडे आणि पंचांगाकडे पाहून आखला आहे, हे बाबांनी यादीला कात्री लागलेली पाहण्याआधीच सांगून ठेवते.

मुक्काम एकाच ठिकाणी, म्हणजे दिवेआगरला, तीन रात्री असावा असे मला वाटते. रोज सामान बांधायचे, रोज नवी खोली, नवे अंथरूण आणि नवे न्हाणीघर ही दगदग तरुणपणी खपून जाते. आता त्यात सहलीचा अर्धा जीव जाईल. गणपतीपुळे तिथून फार लांब पडते, त्यासाठी वेगळी सहल करू. दिवस निवडले आहेत ते महाशिवरात्र आणि शिमगा यांच्या मधले, फाल्गुन शुद्ध द्वितीया ते पंचमी. शिवरात्रीला हरिहरेश्वरला उभे राहायला जागा नसते आणि शिमग्याला अख्खे कोकण घरी परतलेले असते. या दोहोंच्या मधल्या आठवड्यात, त्यातही शनिवार-रविवार टाळला तर, खोल्या सहज मिळतात आणि किनाराही मोकळा असतो. दुपारी ऊन लागेल हे खरे, परंतु दुपारी आपण कुठेच जाणार नाही.

हेच दिवस धरण्याचे दुसरे कारण भरती-ओहोटीचे आहे. बाबा, किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो हिशोब तुम्हाला ठाऊक असेलच. तृतीयेला तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे भरती रात्री आणि दुपारी सव्वादोनच्या सुमारास, आणि रात्रीच्या भरतीनंतर साधारण सहा तासांनी, सकाळी सव्वाआठच्या आसपास, पूर्ण ओहोटी. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करता येते, आणि ती सकाळच्या गारव्यात करायची तर तृतीया-चतुर्थीसारखा दिवस नाही. शिवाय या तिथींना दुपारच्या भरतीनंतर संध्याकाळी पाणी मागे सरत असते, त्यामुळे सूर्यास्ताच्या वेळी चालायला ओली, टणक वाळू मिळते. मऊ वाळूत पाऊल रुतले की आईचा गुडघा दुखतो, म्हणून मला प्रदक्षिणेपेक्षाही ही सोय मोठी वाटते. मात्र पाणी ओढ घेत असताना घोट्यापलीकडे कोणी आत जायचे नाही, पोहता येणाऱ्या बाबांनीसुद्धा.

राहण्याची जागा ठरवताना मी बरीच फोनाफोनी केली. समुद्राला लागून असलेल्या एका रिसॉर्टची खोली दिसायला छान होती, पण ती वरच्या मजल्यावर होती आणि जिन्याला एकाच बाजूने कठडा होता. अखेर माडा-पोफळींच्या वाडीतले एक घर पसंत केले. खोली तळमजल्यावर आहे, पुढे पडवी आणि झोपाळा आहे, कमोड आहे आणि वीज गेली तर इन्व्हर्टर आहे. मी घरमालकीणबाईंना न्हाणीघराचा उंबरठा किती उंच आहे असे विचारले, तेव्हा त्या फोन कानाला तसाच ठेवून आत गेल्या, आणि ‘एक वीत आणि वर चार बोटे’ असे माप सांगून ‘मी तिथे एक जाड पाट टाकून ठेवीन, आजींना पायरीसारखा होईल’ असेही म्हणाल्या. आई, तुला आजी म्हटले याचा राग मानू नकोस. मी त्या क्षणी खोली नक्की केली आणि अर्धे पैसे पाठवून दिले. समुद्र तिथून चालत दहा मिनिटांवर आहे, पण गाडी सुरूच्या बनापर्यंत जाते. घडीच्या दोन खुर्च्या मी घेऊन येणार आहे, म्हणजे तुझे समुद्रासमोर बसणे दोन्ही वेळा निर्वेध होईल.

जेवण त्याच घरी आहे. तिथल्या घरगुती खानावळींमध्ये किती पाने वाढायची ते आधी सांगावे लागते, ऐनवेळी गेले की हात हलवत परतायची वेळ येते. आईचा विनायकीचा उपवास चतुर्थीला असेल, म्हणून उकडीचे मोदक आदल्या रात्रीच सांगितले आहेत आणि चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी व शहाळी. या घरात मासे करत नाहीत. बाबांसाठी गावात मासळीची वेगळी खानावळ आहे, तिथे आपण दोघे एकदा जेवायला जाऊन येऊ.

पुण्याहून दिवेआगर सुमारे 160 किलोमीटर आहे. मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा आणि बोर्ली पंचतन असा रस्ता आहे. सकाळी सातला निघून, मुळशीच्या जलाशयापाशी चहाला आणि माणगावला पाय मोकळे करायला थांबून, दुपारच्या जेवणाला पोहोचावे असा अंदाज आहे. गाडी चालकासह ठरवली आहे, तेव्हा बाबांनी ‘ताम्हिणी मी चालवतो’ हा विषय काढू नये. आईला घाट लागतो, म्हणून पुढची जागा तिची.

तृतीयेला पहाटे लवकर उठायचे आहे, साडेसहाला निघायचे आहे. किनाऱ्याकडेने भरडखोल, शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा रस्ता बराच वेळ समुद्र उजव्या हाताला ठेवून चालतो आणि भरडखोलला कोळ्यांच्या होड्या अगदी रस्त्यालगत दिसतात. हरिहरेश्वरला आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा काळभैरव असा दर्शनाचा क्रम पाळतात. प्रदक्षिणेचा मार्ग देवळामागून थोडा चढून जातो आणि मग कातळाच्या दोन भिंतींमधल्या अरुंद, उभ्या पायऱ्यांनी थेट समुद्राच्या खडकांवर उतरतो. पुढे डोंगराला वळसा घालताना लाटांनी आणि वाऱ्याने पोखरलेल्या खडकांत जाळी पडलेली दिसते. ते दृश्य फारच सुंदर आहे, पण पायाखालचा खडक उंचसखल आणि जागोजाग शेवाळलेला असतो. तिथून लोक वाहून गेल्याचे प्रकार घडलेले आहेत. म्हणून असे ठरवले आहे की आई देवळाच्या आवारात बसेल, बाबा आणि मी पायऱ्यांच्या तोंडापर्यंत जाऊ, आणि खाली उतरायचे की नाही ते तिथल्या पुजाऱ्यांना विचारून आणि खडक कोरडा आहे की ओला ते पाहून ठरवू. बाबा, वरूनच परतावे लागले तर तुम्ही दिवसभर अबोला धरणार नाही, एवढे वचन मला आधी हवे आहे.

परतताना श्रीवर्धन करू. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ भट तिथलेच. 1713 मध्ये त्यांना पेशवेपद मिळाले, पण त्याच्या कितीतरी आधी सिद्दीच्या जाचामुळे या घराण्याला गाव सोडावे लागले होते आणि खाडीपलीकडच्या वेळासचे भानूही त्यांच्याबरोबर देशावर आले. त्याच भानूंच्या कुळात पुढे नाना फडणवीस झाले. गावात पेशव्यांचे स्मारक आणि लक्ष्मीनारायणाचे देऊळ आहे. तिथले उपजिल्हा रुग्णालय कुठे आहे तेही मी त्याच फेरीत पाहून ठेवणार आहे. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात.

वेळास मी यादीतून काढले आहे. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना पाहण्यासारखी असतात, 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे घरटी राखण्याचे काम उभे केले, आणि हा हंगामही त्याचाच आहे. परंतु पिल्ले अगदी सकाळी किंवा संध्याकाळी सोडतात, ती त्या दिवशी बाहेर येतीलच याची खात्री कोणी देत नाही, आणि बागमांडल्याच्या जेटीवरून गाडीसह खाडी ओलांडून अंधारात परतणे मला नको वाटते. जंजिराही नको. शिडाच्या होडीतून किल्ल्याच्या दरवाजापाशी पोहोचल्यावर होडी वर-खाली होत असतानाच पायरीवर पाय टाकावा लागतो, आणि तिथे आईला धरायला मी एकटी पुरी पडणार नाही.

चतुर्थीचा दिवस गावातच. आईला सुवर्णगणेशाचे दर्शन त्याच दिवशी घडेल. 17 नोव्हेंबर 1997 रोजी तिथल्या एका वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा मुखवटा सापडला होता. मार्च 2012 मध्ये दरोडा पडून तो चोरीला गेला, त्यात दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला. पुढे हाती लागलेल्या सोन्यातून मुखवटा पुन्हा घडवून 2021 मध्ये त्याची स्थापना झाली. बाबांसाठी रूपनारायणाचे देऊळ आहे, ज्याच्या शिलाहारकालीन मूर्तीच्या प्रभावळीत दशावतार कोरलेले आहेत. याच गावात शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा, मराठीतला ताम्रपट सापडला. संध्याकाळी वाडीतून फिरताना तुम्हाला पोफळींच्या रांगांत मध्येच मोकळ्या जागा आणि डोक्याएवढी रोपे दिसतील. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने त्या पट्ट्यातल्या बागा आडव्या केल्या, आणि पोफळीला फळ धरायला कितीतरी वर्षे लागतात. घरमालकीणबाईंशी त्याबद्दल बोलायला बाबांना आवडेल, कारण त्यांनीही आपणहून तो विषय माझ्याकडे काढला होता. रोठा सुपारी मिळाली तर तीही तिथूनच घेऊ.

आता तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. बाबांनी तुम्हा दोघांच्या आधार कार्डांच्या प्रती मला पाठवाव्यात, घरमालकांना नोंदीसाठी लागतात. आणि आई, तुझ्या गुडघ्याच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत एवढे नक्की विचार की ओल्या वाळूत अनवाणी चालावे की चपला घालूनच. ते चपला घाल म्हणाले तर मागच्या बाजूला पट्टा असलेल्या घ्याव्या लागतील, त्या मी इथून घेऊन येते. फक्त तुझ्या पायाचे माप कळव.

तुमची,
मुग्धा