कपाटे रंगवण्यासाठी ब्रश कोणता?

मा. संपादक,
स. न.

दिवाळीच्या तोंडावर घरोघरी रंगकाम निघते, तेव्हा स्वयंपाकघरातील जुनी लाकडी कपाटे मोडीत काढण्याऐवजी ती रंगवून घेणे हा शहाणपणाचाच मार्ग आहे. मात्र रंगाची छटा ठरवण्यासाठी दहा दुकाने फिरणारी मंडळी ब्रश घेताना दुकानदार पुढे करील तो उचलतात आणि दारांवर फराटे उठले की रंगाला नावे ठेवतात.

वास्तविक ब्रश रंगाच्या जातीवरून ठरवावा. ऑइल पेंटसाठी डुकराच्या केसांचा ब्रश उत्तम, कारण त्या केसांची टोके दुभंगलेली असतात आणि दाट रंग चांगला धरून ठेवतात. परंतु हाच ब्रश पाण्यात मिसळणाऱ्या इनॅमल रंगात (चकचकीत, कडक वाळणाऱ्या रंगात) बुडवला, तर केस पाणी शोषून फुगतात, लुळे पडतात आणि रंग सारखा बसत नाही. वास कमी म्हणून घरात हे इनॅमल वापरायचे असेल, तर नायलॉन-पॉलिएस्टरच्या तंतूंचा ब्रशच घ्यावा. स्वस्त ब्रशचे केस गळून रंगात चिकटतात, म्हणून येथे दहा-वीस रुपये वाचवण्यात अर्थ नाही.

रोलरबाबतही हाच गोंधळ दिसतो. भिंतीसाठीचा 9 इंची, लांब लवीचा रोलर कपाटाच्या दारावर फिरवला, तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो. सपाट दारांना 4 इंची, आखूड लवीचा मायक्रोफायबर किंवा बारीक छिद्रांचा फोम रोलर पुरतो. फोम दाबून चालवला तर बुडबुडे येतात, तेव्हा हात हलका हवा. दारांवर खाचा असतील, तर त्या आधी दीड इंची, तिरक्या कापाच्या ब्रशने रंगवून घ्याव्यात आणि मगच रोलर फिरवावा.

अर्थात, फोडणीचा तेलकट थर धुण्याच्या सोड्याने काढून, दार पूर्ण वाळवून, पॉलिश पेपर मारून प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) दिला नसेल, तर महागडा ब्रशही काही करू शकत नाही. घरातला रंग फार जुना असेल, तर त्यात विषारी शिसे असण्याची शक्यता असते, त्यामुळे धूळ उडू नये म्हणून तो कोरडा न घासता ओला घासावा. नव्या रंगांतील शिशाचे प्रमाण 2016 च्या नियमांनी 90 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादित केले आहे.

ब्रश व रोलर कोणत्या रंगासाठी आहे, हे उत्पादकांनी वेष्टनावर मराठीत ठळकपणे छापावे आणि तोवर दुकानदारांनी गिऱ्हाईकाला ‘रंग कोणता घेतला?’ एवढे तरी विचारावे, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे