अहवालात न मावलेले आभार

मामा, नमस्कार.

अभ्याससहलीचा अहवाल छापून झाला. आभाराच्या पानावर विभागप्रमुख आहेत, सर-मॅडम आहेत, परवानगी देणारं वनखातं आहे, बसचालकसुद्धा आहेत. तुम्ही मात्र ‘व शिक्षकेतर कर्मचारी’ एवढ्यात उरकला गेला आहात. त्या पानाचा साचा ठरलेला असतो म्हणे. म्हणून हे वेगळं पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

जंगलातली झाडं-रोपं मोजायला जमिनीवर चौकटी कशा आखायच्या हे आम्ही वर्गात शिकूनच आलो होतो. गवत-रोपट्यांसाठी १ मीटर बाय १ मीटर, झुडपांसाठी ५ बाय ५, झाडांसाठी १० बाय १०. पण झाडीत शिरलं की पाय आपोआप नेचे दाटलेल्या, काहीतरी फुललेल्या जागेकडे वळतात. डोळे मिटून चौकट मागे भिरकावली तरी ती काट्याकुट्यांत सहसा पडत नाही. हाताला उघडी जागा बरोबर ठाऊक असते. तुम्ही दोन टेप काटकोनात पसरल्यात आणि पिशवीतून चिठ्ठ्यांचा डबा काढलात. पहिल्या चिठ्ठीचा आकडा या टेपवर, दुसरीचा त्या टेपवर, आणि दोन्ही जिथे मिळतील तिथे बसायचं.

आमच्या गटाच्या वाट्याला नुसता पाचोळा आला. “मामा, इथे काहीच नाही, दुसरी चिठ्ठी काढू?” असं कुणीतरी विचारलंच. तुम्ही म्हणालात, “काही नसेल तर शून्य लिही. फुलं बघून चौकट टाकलीस तर बाग मोजशील, जंगल नाही.”

एखादी जात शंभरातल्या किती चौकटींत सापडते, ही तिची वारंवारता. रिकाम्या चौकटी गाळल्या की प्रत्येक जात आहे त्यापेक्षा जास्त पसरलेली दिसते. हे पुस्तकात असतं, परीक्षेत आम्ही लिहितोही. पण अंगाला खाज सुटलेली असताना, पाऊस येईल की काय अशा आभाळाखाली, ते पाळून घेणारा माणूस लागतो.

आणि ती चौकट रिकामी नव्हतीच. पाचोळा हलक्या हाताने बाजूला करायला तुम्ही सांगितलंत, तेव्हा खाली बुरशीचे पांढरे धागे आणि दोन-दोन दलांची, म्हणजे बीजातून आधी निघणाऱ्या पानांची, बोटभर रोपं निघाली. ती कशाची, हे दलांवरून आम्हाला ओळखता येईना. तुम्ही थोडी मोठी रोपं शोधून, खरी पानं जुळवत जुळवत वरच्या उंच झाडापर्यंत नेलंत. सगळ्या गटांचे आकडे एकत्र केल्यावर दिसलं, की त्या झाडाची बोटभर रोपं भरपूर आहेत, मोठी झाडं आहेत, पण कमरेएवढी जवळजवळ नाहीत.

रात्री सरांनी त्यावर बराच वेळ घेतला. घनदाट जंगलात जमिनीपर्यंत जेमतेम एक-दोन टक्के प्रकाश पोहोचतो, आणि त्यातला बराचसा पानांच्या फटींतून सरकणाऱ्या कवडशांचा असतो. काही जातींची रोपं अशा अंधारात वर्षानुवर्षं तग धरतात आणि एखादं मोठं झाड कोसळून वर खिंडार पडलं की झपाट्याने वाढतात. बाकीची तिथेच मरतात. आमच्या जंगलात अडलंय ते सावलीमुळे, चराईमुळे की वणव्यामुळे, हे एका भेटीत ठरणार नाही. पण प्रश्न मिळाला तो पाचोळ्याच्या चौकटीतून, याची नोंद अहवालात कुठेच नाही.

झाडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर मोजायचा, उतारावर चढाच्या बाजूला उभं राहून, हेही तुम्हीच पुन्हा पुन्हा तपासलंत. नमुना तोडायच्या आधी “अशी निदान वीस तरी रोपं दिसतायत का ते बघ” असं विचारून किती जणांचे हात थांबवलेत! मला तेव्हा थोडा राग आला होता, खरं सांगते. एक सुंदर रोपटं तसंच सोडून यावं लागलं.

आम्ही झोपल्यावर तुम्ही नमुने दाबून वाळवायच्या प्रेसमधली ओली रद्दी बदलत होतात, हे फार थोड्यांना माहीत आहे. ती बदलली नसती तर नमुने काळे पडले असते, बुरशी लागली असती. आणि फुलाचा रंग ताजा असतानाच लिहून घ्या, हा तुमचा हट्ट नसता तर आज वाळलेल्या तपकिरी पाकळ्यांपुढे आम्ही सगळे डोकं खाजवत बसलो असतो.

पुढच्या बॅचबरोबर तुम्ही जाणार आहात असं कळलं. आम्ही खुंट्या ठोकलेल्या चौकटींचा नकाशा आणि रोपांच्या मोजणीची वही लॅबच्या कपाटात खालच्या खणात ठेवली आहे. त्याच चौकटी पुन्हा मोजून घ्याल का? बोटभर रोपांपैकी किती उरली, ते आम्हालाही कळवा.

तुमची,
मागच्या बॅचमधली एक विद्यार्थिनी