दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना, तिसऱ्या मजल्यावरून

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

पत्र लिहायला तुळशीचं लग्न उलटून गेलं. दिवाळी अंक छापून आला त्या दिवशी एक प्रत आणि चिवड्याचा डबा घेऊन मी तुमच्या दारात आले होते. तुम्ही डबा घेतलात, अंक चाळलात, "टाइप जरा बारीक झालाय" म्हणालात आणि दार लावून घेतलंत. घरचा कम्प्युटर दूरवरून चालवायला शिकवलंत, त्याचे आभार मानायचे राहूनच गेले. तोंडावर मानले असते तर राऊटर कपाटावर ठेवावा की खिडकीत, यावर अर्धा तास ऐकावं लागलं असतं, म्हणून लिहून काढते आहे. आणि सगळ्यांदेखत लिहिते आहे, कारण आपल्या नौपाड्यातल्या बिल्डिंगमध्ये तुमच्या पाठीमागे जे बोललं जातं त्यात माझाही आवाज असायचा. तुमचं नाव घालत नाही. शेजाऱ्यांना ते घालायची गरजही नाही.

बाकीच्यांसाठी आधी थोडं. मी घरून डीटीपी करते, म्हणजे कम्प्युटरवर छपाईची पानं लावून देते. नवरात्रात आमच्या आई नणंदेकडे नेरूळला गेल्या होत्या, तिथे बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन तिकडच्याच हॉस्पिटलात. ह्यांचं जहाज तेव्हा समुद्रात, नणंदेला रजा नाही, म्हणजे दिवसभर तिथे मीच. आणि इकडे घरी टेबलावर एक दिवाळी अंक. १२ फर्म्यांचा, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या १२ गठ्ठ्यांचा, १९२ पानांचा. ७ फर्मे छपाईला गेलेले, ५ माझ्याकडे अडकलेले. संपादकांचा सकाळ-संध्याकाळ फोन. आधी "आई कशा आहेत?" आणि लगेच "आठव्या फर्म्याचं काय?"

"फाइल मोबाइलवर घेऊन टाक ना," हे मला किमान दहा जणांनी सांगितलं. घेतलीही होती. पण आमचं काम अजून पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर चालतं, ज्याची शेवटची आवृत्ती २००१ साली आली. फॉन्ट जुने, युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला आकडा देणाऱ्या पद्धतीच्या) आधीचे, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मजकूर नेला की अग्रलेखाची आकडे-कंस-प्रश्नचिन्हांची भेळ होते. वर त्या लिपीच्या सॉफ्टवेअरला डोंगल लागतो. अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा तुकडा, तो यूएसबीत खुपसलेला असेल तरच मराठी उमटतं. फाइल कुठेही जाईल हो, पण डोंगल, फॉन्ट, पेजमेकर हा सगळा संसार एकाच टेबलावर मांडलेला.

रात्री साडेदहाला कपडे न्यायला घरी आले तेव्हा तुम्ही लिफ्टपाशी भेटलात. खरं सांगते, तुम्हाला पाहून मी जिन्याने जायच्या विचारात होते. तुम्ही आईंची चौकशी केलीत, मग कामाचं विचारलंत. मी वैतागून म्हटलं, "आता टेबलच उचलून नेरूळला न्यावं लागणार." तुम्ही म्हणालात, "टेबल कशाला? तुझे डोळे आणि बोटं तेवढी तिकडे ने. बाकी सगळं इथेच राहू दे." आणि माझ्या मागोमाग वर आलात, पायात स्लिपर, हातात दुधाची पिशवी तशीच.

माझ्या भाच्याने आदल्याच दिवशी फोनवर एक उपाय सांगितला होता. राऊटरमध्ये ३३८९ नंबरचं पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, उघडायचं, की विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुसरीकडून आपला कम्प्युटर चालवायची सोय, बाहेरून चालू. ते ऐकून तुमचा चेहरा असा झाला की जणू मी गॅस चालू ठेवून गावाला निघाले होते. "त्याला माझ्याकडे पाठव," म्हणालात. मग सांगितलंत की तो नंबर जगजाहीर आहे, इंटरनेटवर रात्रंदिवस असे प्रोग्रॅम फिरत असतात जे घराघराचं तेवढं एकच दार ठोठावतात आणि पासवर्ड लावून बघतात. २०१९ च्या मे महिन्यात त्याच दारात असं भोक सापडलं होतं की मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये वाऱ्यावर सोडलेल्या एक्सपी या जुन्या विंडोजसाठीसुद्धा ठिगळ काढलं. "आणि तुझ्या केबलवाल्याकडे ते चालणारही नाही."

का नाही, ते तुम्ही सांगितलंत तसं मला आजवर कुणीही सांगितलेलं नाही. जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेल्या माणसालाच ते सुचावं. "तुझा केबलवाला अख्ख्या गल्लीला मिळून एकच बाहेरचा नंबर देतो. आत सगळी एक्स्टेन्शनं. बाहेरून कुणी तो नंबर फिरवला तर ऑपरेटरला काय कळणार, कुठलं एक्स्टेन्शन द्यायचं? पण एक्स्टेन्शनवरून बाहेर तर फोन लागतो ना? मग तुझा कम्प्युटरच बाहेर फोन लावून बसेल. तिकडून तुझा मोबाइलही त्याच ठिकाणी लावेल. मधला ऑपरेटर दोघांची गाठ घालून देईल. दार कुठलंच उघडायचं नाही." मी इतकी वर्षं नेटचं बिल भरते आहे, पण मी एक्स्टेन्शनवर आहे हे त्या रात्री कळलं.

अशी गाठ घालून देणारं गुगलचं क्रोम रिमोट डेस्कटॉप तुम्ही माझ्याच हाताने टाकून घेतलंत. माऊसला बोट लावलं नाहीत, मागे खुर्चीत बसून नुसतं "आता खाली, आता डावीकडे". तेव्हा राग आला होता, पावणेबारा वाजले होते. कम्प्युटरला नाव दे, मोबाइलवर तेच गुगल खातं ठेव, त्या खात्याला दुहेरी पडताळणी लाव, कारण खातं आणि पिन ज्याच्या हाती त्याच्या हाती सगळं घर. पिन सहा आकडी लागतो. मी आकडे दाबायला घेतले तेव्हा तुम्ही उठून गॅलरीत गेलात आणि आमच्या दोरीवरच्या टॉवेलकडे बघत उभे राहिलात. "झालं का?" असं विचारून मगच आत आलात. जाताना म्हणालात, "जन्मतारीख ठेवली असशील तर बदल." ठेवली होती. बदलली.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर मोबाइल उघडला तर कम्प्युटर ऑफलाइन. तुम्हाला मेसेज टाकला. दहा मिनिटांत उत्तर: "चूक माझी. त्याला झोपू नकोस म्हणून सांगायचं राहिलं." घरी असलेल्या माझ्या सासऱ्यांकडून, आप्पांकडून, दार उघडून घेऊन तुम्ही स्लीप 'कधीच नाही' वर केलंत, पडदा तेवढा काळा होऊ दिलात. शिवाय बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन लाइट जाऊन आली की कम्प्युटर आपोआप सुरू होईल अशी सोय केलीत. त्याच आठवड्यात दोनदा लाइट गेली आणि दोन्ही वेळा मी नेरूळहून लॉगिनच्या पडद्यावर पोचले. 'चूक माझी' हे दोन शब्द बिल्डिंगमध्ये कुणी तुमच्या तोंडून ऐकले नसतील, म्हणून मुद्दाम नोंदवते.

आता पणतीची गोष्ट. नवव्या फर्म्यात एका कवितेत 'पणती'ची 'पनती' झाली होती. मुद्रितशोधकांनी लाल गोल करून फोटो पाठवला. मी बोटाने बाण सरकवत तिथे पोचले, दोन बोटांनी पान मोठं केलं, मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून ण टाकला. उमटलं प्रश्नचिन्ह. इंग्रजीतून टाकून पाहिलं तर भलतीच मात्रा. रडायला आलं. फोनवर तुम्ही म्हणालात, "मोबाइलचा कीबोर्ड विसर. तो अक्षर पाठवतो, तुझ्या सॉफ्टवेअरला कळ दाबलेली हवी. विंडोजचा स्वतःचा कीबोर्ड तिकडच्या पडद्यावर उघड आणि त्याच्या कळा दाब." उघडला. पण त्यावर सगळी इंग्रजी अक्षरं, आणि मी इन्स्क्रिप्ट, म्हणजे कुठल्या कळीवर कुठलं मराठी अक्षर ही मांडणी, बोटांनी शिकलेली, डोळ्यांनी नाही. ण कुठल्या कळीवर, हे मला विचाराल तर सांगता येत नाही. शेवटी मोबाइल बाजूला ठेवला, पर्स मांडीवर आडवी घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून 'पणती' टाइप केलं. कुठलं बोट कुठे गेलं ते पाहिलं. एच, शिफ्ट दाबून सी, एल, आर. मग तेच एका बोटाने मोबाइलवर. दोन सेकंद काही नाही, आणि मग पलीकडे ठाण्यात पणती लागली. शेजारी बसलेल्या बाई माझ्याकडे आणि पर्सकडे आळीपाळीने बघत होत्या.

बारावा फर्मा होईपर्यंत माझी अर्धी अक्षरं डोळ्यांना पाठ झाली होती. एवढंच कळलं की या मार्गाने लेख टाइप करायला बसू नये. चुका दुरुस्त करायच्या, ओळ सरकवायची, पीएस (छपाईसाठीची मधली फाइल) करून डिस्टिलर या सॉफ्टवेअरमधून पीडीएफ काढायची, आणि ती घरच्या कम्प्युटरवरूनच वागळे इस्टेटच्या छापखान्याला मेल करायची. एवढ्याला ते उत्तम. फाइल माझ्या मोबाइलवर यायचीच नाही, यायचं ते फक्त तिचं चित्र. त्यामुळे ट्रान्स हार्बरच्या गाडीत ऐरोली ते तुर्भे मी दोन पानांचे समास जुळवले आहेत, उभ्याने.

आप्पांचं तुम्हाला ठाऊकच आहे. बाण आपोआप फिरताना दिसला तसे ते दुपारची झोप सोडून कम्प्युटरसमोर खुर्ची टाकून बसायला लागले. मला फोन करून सांगत, "आता तू शेवटच्या ओळीवर आलीस. वरचा स्वल्पविराम राहिला बघ." आई हॉस्पिटलात असताना घरात एकटा बसलेला माणूस. तो बाण त्यांना सोबतीला होता की मी, कोण जाणे. मी मात्र काम संपल्यावरही दोन मिनिटं बाण उगाच फिरवायचे.

त्यांनी एक पराक्रमही केला. बँकेतून बोलतोय, केवायसी संपलं, एक ॲप घ्या आणि त्यात दिसणारा कोड सांगा, असा फोन आला. आप्पा म्हणाले, "आमच्याकडे आहे ते आधीच. दुसऱ्या मजल्यावरचे चालवतात, त्यांना विचारतो." समोरच्याने फोन ठेवला. संध्याकाळी तुम्ही आप्पांना शेजारी बसवून सांगितलंत की नेमक्या याच युक्तीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीत बँकांना सावध केलं होतं. साधन तेच, फक्त कोड कुणाच्या हाती जातो यावर सगळं. आपण आपल्याच कम्प्युटरवर जायचं, फोन करून आलेल्याला आत घ्यायचं नाही. आणि पैसे गेलेच तर लाजत बसू नये, लगेच १९३० लावावा. आप्पांनी तो आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, गॅसच्या नंबरच्या वर.

शेवटच्या फर्म्याच्या रात्री केबलवाल्याचं नेट गेलं. रात्री नऊला मी नेरूळला, सकाळी आठला छपाई. तुम्हाला फोन करायचा धीर होत नव्हता, कारण आता खरी गोष्ट सांगते. गेल्या सर्वसाधारण सभेत 'जिन्यातल्या आणि डक्टमधल्या लोंबत्या वायरी काढाव्यात' हा विषय मी मांडला होता. नाव घेतलं नव्हतं, पण वायरी तुमच्याशिवाय कुणाच्या नाहीत. तुम्ही तेव्हा काहीच बोलला नाहीत.

फोन आप्पांनीच केला. तुम्ही डक्टमधून तुमच्या राऊटरची वायर वर ओढून आमच्या कम्प्युटरला लावलीत. मी घाबरत विचारलं, पुन्हा सगळं सेटिंग करायचं का? तुम्ही म्हणालात, "एक्स्टेन्शन बदललं, बाहेर फोन लावणं थोडंच बदललं? उघडून बघ." उघडलं. पान १७७ होतं तसं समोर. सव्वा अकराला शेवटची पीडीएफ गेली.

आई आता वॉकर घेऊन हॉलपर्यंत येतात. त्यांना तुमच्याकडची भाकरवडी आठवते आहे, हा निरोप त्यांचा.

ती निळी वायर अजून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून डक्टमध्ये लोंबते आहे. तुम्ही दोनदा काढायला आलात, दोन्ही वेळा मी काही ना काही कारण सांगितलं. मार्चमधल्या सभेत कुणी विषय काढला तर ती वायर माझी आहे, असं सांगणार आहे.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची