मावशी, त्या दुपारच्या वरण-भाताबद्दल

प्रिय मावशी,
जय ख्रिस्त.

हे तोंडावर बोलायला गेले तर तुम्ही "चल, काहीतरीच!" म्हणून चहा टाकायला आत जाल. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. नाव घालत नाही. इंदूरच्या मंडळीत ओळखायचे ते ओळखतील.

ह्यांचं पीथमपूरचं काम सुटलं तेव्हा घरी येऊन जाणारे काही कमी नव्हते. एक वडीलधारे गृहस्थ तर सोफ्याला टेकून बायबलमधल्या, प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 6वा अध्याय समजावून गेले. अन्नवस्त्र असलं की तेवढ्यात तृप्त असावं म्हणे. चहा दोनदा घेतला. त्याच अध्यायात पुढे, 17व्या-18व्या वचनांत, पैसेवाल्यांनी हात सैल ठेवावा, आपल्यातलं दुसऱ्याला द्यावं, असंही पौलाने लिहिलंय. तिथपर्यंत त्यांचं बायबल काही उघडलं नाही.

तुम्ही आलात ती भर दुपारची वेळ. गॅसवर नुसतं वरण-भात. मी तुम्हाला "जेवा" म्हटलंसुद्धा नाही, इतकी लाज वाटत होती. तुम्हीच म्हणालात, "काय केलंयस? वाढ की, भूक लागलीय." ओट्याजवळच्या स्टुलावर बसलात आणि प्रार्थना केलीत: वरणाबद्दल, भाताबद्दल, आणि एक दिवसाआड येणारं नर्मदेचं पाणी आज वेळेवर आलं त्याबद्दलही. मग पिशवीतून शेवेची पुडी काढून भातावर भुरभुरवलीत, धाकट्याच्या ताटातही. पुन्हा भात मागून घेतलात. पातेल्याच्या तळाला थोडा लागला होता, तोही "हा मला दे, मला आवडतो" म्हणत उलथन्याने खरवडून घेतलात.

तोवर जो येई तो काही द्यायला, नाहीतर काही सांगायला. मागून जेवणारं तुमच्याशिवाय कोणी आलं नाही. आपल्या घरात अजून कुणाला वाढण्याजोगं काही आहे, हे मला तुमच्या ताटाकडे बघून कळलं.

पुढे मुलांच्या फीचं तुम्ही काय आणि कसं केलंत ते लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही.

पौलाच्याच, फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय मी नंतर सावकाश वाचला. असेल त्या स्थितीत समाधानाने राहायला शिकलो, असं पौल बंदिवासातून लिहितो, आणि तेही कुठे, तर आभार मानता मानता! फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली होती. तो बिचारा त्या कामात आजारी पडून मरता मरता वाचला. पौल त्यांना "उगीच पाठवलंत, मला कशाला" असं म्हणत नाही. माझ्या अडचणीत वाटेकरी झालात हे बरं केलंत, असं म्हणतो. तृप्त माणसाने मदत घेऊ नये, असं कुठेच नाही. एवढ्या वर्षांत हे कुणी मला प्रवचनात सांगितलं नव्हतं.

चांगुलपणा काही चर्चच्या बाकांवरच बसतो असंही नाही म्हणा. आमच्या कोपऱ्यावरचा किराणावाला बायबल वाचत नाही, पण त्या दिवसांत त्याने उधारीची वही माझ्यासमोर कधी उघडली नाही. पोरांच्या हातावर गोळी ठेवायचा ती ठेवतच राहिला.

आता रात्री आम्हीही तुमच्यासारखी नावं घेऊन प्रार्थना करतो. धाकटा सगळ्यांत आधी शेवेचं नाव घेतो. रोजच मन लागतं असं नाही. शेजारी नवी गाडी आली त्या रात्री माझी प्रार्थना जरा आखूडच झाली.

ह्यांना काम लागलंय, पगार आधीपेक्षा कमी आहे. पौलाने शेवटी शेवटी पावती दिल्यासारखं लिहिलंय की मला सगळं भरून पावलं. माझ्याकडूनही तसंच समजा. फीचे पैसे मात्र मी थोडे थोडे करून आणून देणार आहे, आणि ते तुम्ही घ्यायचे आहेत. नको-नको चालणार नाही.

तुमचीच,
वरच्या मजल्यावरची